कूलंटच्या बाटलीवरची रेघ: गाडीच्या रेडिएटरची घरच्या घरी देखभाल

सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, बॉनेट उघडा आणि एक पांढरट, आरपार दिसेल अशी प्लास्टिकची बाटली शोधा. काच धुवायच्या पाण्याची बाटली वेगळी. तिच्या झाकणावर काचेचं आणि फवाऱ्याचं चित्र असतं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत पाण्याच्या, बाटलीतून एक रबरी नळी रेडिएटरकडे जाते आणि बाटलीच्या अंगावर दोन खुणा असतात. वरची ‘मॅक्स’ किंवा ‘फुल’, खालची ‘मिन’ किंवा ‘लो’. आतलं हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं पाणी या दोन खुणांच्या मध्ये असायला हवं. बाटली जुनी होऊन पिवळी पडली असेल तर पातळी कळत नाही. अशा वेळी मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि गाडी हलकेच हलवा. पाणी डुचमळलं की पातळी दिसते.

आता एक काळा मार्कर घ्या, आज जिथे पातळी आहे तिथे बाटलीवर बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. पुढे बरीच कामं सांगणार आहे, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं काम हेच. कारण कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ते बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत राहतं. कित्येक महिन्यांत किंचित कमी झालं तर समजू शकतो, पण पंधरा दिवसांत बोटभर उतरलं तर ते कुठूनतरी बाहेर जातंय. अशा वेळी आपल्याकडे बहुतेक जण बाटलीत नळाचं पाणी ओततात, पातळी वर आली की बॉनेट लावतात आणि विसरून जातात. गळती तशीच राहते, कूलंट दर खेपेला पातळ होत जातं, आणि एक दिवस गाडी घाटात उकळते.

आत नेमकं काय चालतं

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता तयार होते तिचा साधारण एक तृतीयांश भागच इंजिनकडून शक्ती म्हणून मिळतो. जवळजवळ तेवढाच भाग सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिनच्या धातूत शिरतो. तो बाहेर काढायचं काम कूलंटचं. वॉटर पंप त्याला इंजिनच्या आतल्या पोकळ्यांतून फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाप्रमाणे उघडणारा-मिटणारा वॉल्व, बंद असतो, म्हणून कूलंट आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. रेडिएटरच्या बारीक जाळीतून वारा जातो, तो उष्णता घेऊन जातो. गाडी पळत असेल तर वारा आपोआप मिळतो, सिग्नलला उभी असेल तर पंखा लागतो.

यातच उन्हाळ्याचं गणित आहे. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेर नाशिकच्या थंडीतली १५ अंशांची हवा, म्हणजे ८० अंशांचा फरक. तेच मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात ४५ अंश असतील तर फरक उरतो ५०. रेडिएटर तोच, पण त्याची ताकद बरीच घटलेली. हिवाळ्यात ज्या जाळीतला कचरा खपून जातो तो उन्हाळ्यात खपत नाही, एवढंच.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी बघत नाही. ते नुसतं बूच नाही, दाब धरून ठेवणारा वॉल्व आहे. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. मोकळ्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवर ९५-९६ अंशांनाच. पण साधारण एक बारचा जादा दाब मिळाला की साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्मं-निम्मं कूलंट मिसळलेलं पाणी १२५च्या पुढे तग धरतं. झाकणाचं रबर चिरलं की हा दाबच राहत नाही. गाडी गरम होतेय, बाटलीतून कूलंट बाहेर येतंय, पण गळती कुठेच सापडत नाही, असं असेल तर आधी झाकण बदलून बघा. रेडिएटरच्या मानाने ते फारच स्वस्त. फक्त आकडा जुन्या झाकणावरचाच हवा.

आणि दाबाखाली आहे म्हणूनच गरम गाडीचं झाकण कधीही उघडायचं नाही. झाकण सैल झालं की दाब क्षणात जातो, १०० अंशांच्या वरचं कूलंट एकदम उकळतं आणि कारंजं थेट तोंडावर येतं. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाटलीचं आटे असलेलं जाड झाकण हेच दाबाचं झाकण असतं. ते नुसतं बाटलीचं बूच आहे असं वाटून लोक उघडतात. त्यालाही नियम तोच. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, जाड कापड ठेवा, थोडं फिरवून थांबा, सुस्कारा थांबला की मगच काढा.

पाणी की कूलंट

‘आमच्या गाडीत वर्षानुवर्षं पाणीच होतं’ हे घरातली मोठी माणसं सांगतात आणि ते खरंच आहे. फियाट-अँबॅसिडरच्या काळात रेडिएटर पितळ-तांब्याचे होते, इंजिनं मुख्यतः बिडाची होती, आणि घाटात बॉनेट उघडून पाण्याचा कॅन ओतणं हा प्रवासाचा भागच होता. आजच्या गाडीत रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तोही ॲल्युमिनियमचा. बोअरच्या जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत तसाच बसतो जसा बाथरूमच्या गीझरमध्ये बसतो. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. कूलंटमध्ये ग्लायकॉल हा मुख्य द्रव असतो, तो पाण्याला लवकर उकळू किंवा गोठू देत नाही, आणि त्याच्या जोडीला गंज रोखणारी रसायनं असतात. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा हिशेब इथेच चुकतो. आपल्याला ते गोठू नये म्हणून लागतंच असं नाही. गंजू नये आणि उकळू नये म्हणून लागतं.

दुकानात दोन प्रकारचे डबे मिळतात. एक तयार मिश्रण, तसंच ओतायचं. दुसरं घट्ट, त्यात पाणी मिसळावं लागतं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. घट्ट कूलंट तसंच भरलं तर चांगलं, असं समजू नका. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, त्यामुळे नुसत्या ग्लायकॉलवर गाडी उलट जास्त गरम होते. प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के पाण्यापासून निम्म्या-निम्म्यापर्यंत. पाणी मात्र डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्डच, बॅटरीत घालतात ते. आरओचं पिण्याचं पाणी चालतं का, असं खूप जण विचारतात. त्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात. पाच लिटरच्या कॅनसाठी ती तडजोड करू नये.

रंगावर विसंबू नका. हिरवं म्हणजे अमुक जातीचं, लाल म्हणजे तमुक, असा सगळ्या कंपन्यांना बांधलेला नियम नाही. पुस्तकात कूलंटचा जो प्रकार दिलाय तोच डब्यावर आहे का, ते बघा. वेगळ्या जातीची रसायनं एकमेकांत मिसळली की त्यांचा गंजरोधक गुण कमी होतो आणि कधी कधी गाळ धरतो.

गळती शोधणं

रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बघा. नवीन गाडीवाल्यांची पहिली भीती एसीच्या पाण्याने असते. ते स्वच्छ, बिनवासाचं, बिनरंगाचं असतं आणि बोटाला पाण्यासारखंच लागतं. कूलंट रंगीत असतं, दोन बोटांत चोळलं की किंचित बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चाखून मात्र बघू नका, ते विषारी आहे.

पुठ्ठा कोरडा असला तरी गळती नाही असं नाही. गरम भागावर पडलेले थेंब तिथेच वाळतात. म्हणून टॉर्च घेऊन वाळलेल्या खुणा शोधा. होज पाइप जिथे रेडिएटरला किंवा इंजिनला बसतो त्या क्लिपजवळ, रेडिएटरचं ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक जिथे दुमडून जोडलंय त्या कडेला, आणि वॉटर पंपाच्या खाली. कूलंट वाळलं की हिरवट-पांढरी किंवा गुलाबी खपली धरते, स्वयंपाकघराच्या नळाच्या बुडाशी क्षार धरतो तशी. नखाने खरवडली तर भुकटी निघते. खपली दिसली की जागा सापडली.

गार इंजिनवर होज पाइप हाताने दाबून बघा. चांगला पाइप दाबला जातो आणि सोडला की जागेवर येतो. टोकांशी पिलपिलीत लागला, फुगलेला दिसला, वाकवल्यावर भेगा दिसल्या, किंवा आतून कुरकुर झाली तर बदला. पूर्ण रात्र उभ्या गाडीचा पाइप सकाळी दगडासारखा टणक आणि फुगलेला लागला तर मात्र ते पाइपचं दुखणं नाही. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता असते आणि ते काम मेकॅनिककडेच न्यावं लागतं.

डाव्या सीटच्या पायाखालचं पायपुसणं चिकट ओलं लागतंय, काचेवर आतून तेलकट धुकं धरतंय, गाडीत गोड वास येतोय, ही हीटरच्या छोट्या रेडिएटरची गळती. बाहेर एक थेंब दिसणार नाही, पण बाटली रिकामी होत राहील.

गळतीवर हळद हा ट्रकवाल्यांचा जुना उपाय. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की ती फुगून बारीक छिद्रात अडकते. आडरानात अडकलेल्या माणसाला त्याने गावापर्यंत पोचवलंय, हे मी नाकारत नाही. पण हळदीला छिद्र कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. आजच्या रेडिएटरच्या चपट्या नळ्या इतक्या बारीक असतात की तीच हळद त्यांनाही बुजवते. बाजारातल्या गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझं मत हेच.

जाळी आणि पंखा

महिन्यातून एकदा पुढच्या ग्रिलमधून टॉर्च मारा. समोर दिसते ती जाळी बहुतेक वेळा एसीच्या कंडेन्सरची, रेडिएटर तिच्या मागे असतो. ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाचे तुकडे, वेचणीच्या काळात कापसाचे तंतू, पावसाळ्यात किडे, आणि वर्षभर धूळ, असं सगळं या दोघांच्या फटीत साचतं. गार गाडीवर साध्या पाइपने, कमी दाबाने, शक्य तितकं आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने जाईल. सर्व्हिस सेंटरचा दाबाचा पंप जवळून मारला तर पातळ पाती चपटी होतात आणि वाट कायमची बंद होते. वाकलेली पाती जुन्या टूथब्रशने, उभ्या दिशेने, हलक्या हाताने सरळ करता येतात.

पंखा तपासायला गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत मिनिटभरात पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घाला. इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, सैल बाही त्याच्यापासून लांब ठेवा.

कूलंट बदलणं

किती दिवसांनी बदलायचं ते पुस्तकात असतं. जुन्या प्रकारचं असेल तर साधारण दोन वर्षं, दीर्घायुषी प्रकारचं असेल तर पाच किंवा त्याहून जास्त. पण सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि आत काय आहे ते माहीत नसेल, तर मुदत मोजत बसू नका, बदलून टाका. मी घेतलेल्या जुन्या गाडीचा रेडिएटर पहिल्यांदा उघडला तेव्हा टबात जे पडलं ते बिनदुधाच्या कॉफीसारखं होतं आणि तळाशी विटकरी गाळ बसला होता. आधीच्या मालकाने कूलंट कधी घातलंच नसावं.

लागेल एवढंच: आठ-दहा लिटरचा टब, नरसाळं, पक्कड, रबरी हातमोजे, कूलंट आणि दोन-तीन कॅन डिस्टिल्ड पाणी. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकामागे वीट. रात्रभर गार झालेली असली पाहिजे.

हीटरचा खटका पूर्ण गरम बाजूला करा, म्हणजे तिकडची वाटही मोकळी राहते. झाकण काढा. रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात फुलपाखरासारखी प्लास्टिकची चावी असेल तर खाली टब ठेवून ती हाताने सैल करा. पक्कड लावू नका, जुनं प्लास्टिक कटकन तुटतं. चावी नसेल तर खालच्या होज पाइपची क्लिप मागे सरकवून पाइप हळूहळू गोल फिरवत काढा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आतलं सगळं कूलंट बाहेर येत नाही. छोट्या गाडीत एकूण चार-पाच लिटर मावत असलं तरी रेडिएटरमधून साधारण निम्मंच निघतं, बाकीचं इंजिनच्या पोटात राहतं. म्हणून चावी बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा, पंखा एकदा फिरेपर्यंत इंजिन चालवा, बंद करून दोन-तीन तास पूर्ण गार होऊ द्या, परत काढा. बाहेर येणारं पाणी गढूळ आहे तोवर हे करत राहा. माझ्या गाडीला चार वेळा करावं लागलं आणि त्यात रविवार गेला.

धुऊन झाल्यावर इंजिनच्या पोटात आता नुसतं पाणी उरलंय. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते आपोआप पातळ होणार. म्हणून धुतल्यानंतर घट्ट कूलंट वापरा. पुस्तकात एकूण चार लिटर लिहिलं असेल आणि प्रमाण निम्मं हवं असेल, तर आधी दोन लिटर घट्ट कूलंट ओता, मग जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड पाणी.

ओतताना घाई नको. बारीक धारेने ओता, मधे मधे वरचा होज पाइप दाबा, बुडबुडे वर येतील. आत हवा अडकली की तेवढ्या जागी कूलंट पोचत नाही. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून, त्यातून बुडबुड्यांशिवाय कूलंट यायला लागलं की घट्ट करा. रेडिएटरला झाकण असलेल्या गाडीत झाकण उघडं ठेवून, हीटर गरम, एसी बंद, असं इंजिन सुरू ठेवा. तोंड नरसाळ्यापासून लांब. काही मिनिटांनी वरचा पाइप एकदम गरम होईल आणि पातळी खाली जाईल. म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग भर घाला, झाकण लावा, बाटली ‘मॅक्स’पर्यंत भरा. दाबाची बाटली असलेल्या गाडीत हवा काढायची रीत पुस्तकात बघूनच करा. दुसऱ्या सकाळी पातळी थोडी उतरलेली दिसेल, ती राहिलेली हवा. एकदा भर घाला आणि मार्करची नवी रेघ मारा.

जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा. बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

घाटात काटा चढला तर

घाटात गाडीचा वेग कमी, म्हणून वारा कमी. ओझं जास्त, म्हणून उष्णता जास्त. वरच्या गिअरमध्ये रेटत नेण्यापेक्षा खालचा गिअर टाका. इंजिन थोडं वेगाने फिरलं की पंपही वेगाने फिरतो. इंजिनच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकला की एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे अंगावर येतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की मग वाट बघायची नाही, थांबायचं.

एका मे महिन्यात आम्ही मुंबईहून नाशिकला परत येत होतो. कसारा घाटात काटा वर सरकला. मी एसी बंद करून हीटर लावला, गरम झोत आला, आणि दोन वळणांनंतर काटा खाली यायला लागला. शेजारी बाबा म्हणाले, “बघ, उतरला. चल तशीच हळूहळू, इगतपुरी आलंच.” पण त्याच वेळी हीटरचा झोत गार झाला होता. इंजिन गरम आणि हीटर गार, याचा अर्थ हीटरपर्यंत कूलंट पोचतच नव्हतं. काटा उतरला तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे. सेन्सर ज्या कूलंटमध्ये बुडालेला असतो तेच संपलं होतं. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खालच्या होज पाइपची क्लिप सैल होऊन पाइप निम्मा निघाला होता. टोइंगची गाडी मागवावी लागली, पण इंजिनला काही झालं नाही. नवा पाइप, नवी क्लिप आणि कूलंट, एवढ्यावर भागलं. इगतपुरीपर्यंत तशीच नेली असती तर हेड वाकलं असतं.

थांबल्यावर काय करायचं ते बॉनेटकडे बघून ठरवा. वाफ नाही, गळती नाही, पंखा फिरतोय, तर इंजिन काही मिनिटं तसंच चालू ठेवलं तरी चालतं. पंप आणि पंखा त्याला गार करतात. काटा उतरत नसेल, वाफ दिसत असेल किंवा खाली धार लागली असेल, तर इंजिन ताबडतोब बंद. वाफ कमी झाल्यावरच बॉनेट उघडा. इंजिनवर पाणी ओतू नका, तापलेलं ॲल्युमिनियम तडकतं. किमान पाऊण तास थांबा, मगच झाकणाला हात लावा. अशा वेळी जवळ साधंच पाणी असेल तर ते भरा, त्यात कमीपणा नाही. फक्त गावात पोचल्यावर गळती दुरुस्त करून ते काढून टाका.

मेकॅनिककडे दोन गोष्टींवर ठाम राहा. ‘वॉल्व काढून टाकतो, मग गाडी गरम होणार नाही’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवायचा, काढून टाकायचा नाही. त्याशिवाय इंजिन कायम गार चालतं, इंधन जास्त खातं, आतून झिजतं. दुसरी गोष्ट, उकळलेली गाडी परत चालवण्याआधी ऑइलची कांडी काढून बघा आणि ऑइलचं झाकण उलटं करून बघा. ऑइल ताकासारखं पांढरट दिसलं, सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर येत राहिला, किंवा बाटलीत सतत बुडबुडे दिसले, तर बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिनमधली पातळ पट्टी, गेलंय. मग गाडी सुरू करू नका, दोन किलोमीटरवर गॅरेज असलं तरी ओढूनच न्या.